लोकहितवादी, एक हिंदू स्त्री आणि डाळिंबाचे दाणे

मागच्या दिवाळीतली गोष्ट. मावशीने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख फॉरवर्ड केला. खाली तिची टिप्पणी : "कोणी लिहिलंय माहीत नाही, पण अगदी आपल्या घरातलंच वाटतं. सगळ्यांनी वाचा." मी कंपनीच्या बसमध्ये होतो, हिंजवडीच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. टाइमपास म्हणून लेख उघडला आणि एसी बसमध्ये घाम फुटला.

लेख माझाच होता.

झालं असं होतं, की एका ऑनलाइन दिवाळी अंकासाठी मी टोपणनावाने लिहिलं होतं. विषय होता माझ्या मावसबहिणीचे पाहण्याचे कार्यक्रम. ताई एकतीस वर्षांची, माझ्यापेक्षा जास्त पगार घेणारी, आणि प्रत्येक ठिकाणी तिला एकच प्रश्न, "पगार मुलापेक्षा जास्त आहे, मग घरात ॲडजस्ट कसं होणार?" मी नावं बदलली, पुण्याचं नाशिक केलं, ताईला सॉफ्टवेअरमधून बँकेत पाठवलं. इंजिनियर माणूस, डेटा मास्किंग करण्यात हयात चाललीय! पण एक गोष्ट राहून गेली. लेखातल्या कांदेपोह्यांवर डाळिंबाचे दाणे होते. आमच्या ओळखीच्या कुठल्याच घरात पोह्यांवर डाळिंब घालत नाहीत. आमच्याकडे घालतात. मावशीच घालते.

ही हकीकत मी एका मित्राला चहाच्या टपरीवर सांगितली, तर तो म्हणाला, "मग दम असेल तर स्वतःच्या नावाने लिही की. खोट्या नावाने लिहिणं म्हणजे अंधारातून दगड मारणं." मला उत्तर सुचलं नाही. (मला वादात उत्तरं नेहमी दोन दिवसांनी सुचतात.) या वेळी मात्र दोन दिवस पुरले नाहीत, बरेच शनिवार-रविवार गेले. कारण शोधायला लागल्यावर लक्षात आलं, की दोन-दोन, तीन-तीन ओळखी सांभाळणं ही काही आमच्या पिढीची, लॉगिन-पासवर्डवाल्यांची डोकेदुखी नाही. पुण्यात ती पावणेदोनशे वर्षं जुनी आहे.

*

साल १८४८. पेशवाई बुडून तीस वर्षं झालेली. पुण्यात गोपाळ हरी देशमुख नावाचा एक पंचवीस वर्षांचा तरुण. इंग्रजी शिकलेला, १८४४ पासून सरकारी नोकरीत, सुरुवात भाषांतरकार म्हणून. म्हणजे तेव्हाचा 'चांगल्या कंपनीत सेटल झालेला मुलगा' म्हणा ना.

या गोपाळरावांची १८४८ साली दोन खाती उघडली. एक स्वतःच्या नावाचं. त्या वर्षी पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं, त्यात त्यांचा पुढाकार होता. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. दुसरं खातं मुंबईत. तिथे भाऊ महाजन 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक चालवत होते. त्यात मार्च १८४८ पासून पुण्याहून आलेली पत्रं छापून यायला लागली. खाली सही 'लोकहितवादी'. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रं झाली. तीच पुढे 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली.

शाळेत आपण "शतपत्रे कोणी लिहिली? – लोकहितवादी" असं एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं, त्यामुळे आत किती दारूगोळा आहे याची कल्पना नसते. बालविवाह बंद करा, विधवांचं लग्न होऊ द्या, मुलींना शिकवा, अर्थ न कळता केलेलं पाठांतर म्हणजे विद्या नव्हे, आणि जन्माने ब्राह्मण आहे एवढ्यावरून कुणी शहाणा ठरत नाही. हे लिहिणारा स्वतः चित्पावन ब्राह्मण, आणि राहणार पेशव्यांच्या पुण्यात!

आता थोडं थ्रेट मॉडेलिंग करू. (सवय जात नाही.) गोपाळरावांना धोका कुणाकडून होता? मला आधी वाटलं सरकारकडून, कारण नोकरी सरकारी. पण शतपत्रांचा रोख मुख्यतः आपल्याच समाजावर आहे. इंग्रजी राज्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे असंच ती सांगतात. म्हणजे साहेबाची तितकी भीती नव्हती. भीती होती ती आपल्याच आळीची. त्या काळी बहिष्कार टाकणं म्हणजे फेसबुकवर अनफ्रेंड करणं नव्हतं. भटजी घरी येणार नाही, पंगतीला कुणी बोलावणार नाही, मुलांची लग्नं जमणार नाहीत, आणि घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणसं मिळणार नाहीत. शिक्षा लेखकाला एकट्याला नसायची, सगळ्या घराला असायची.

उलट धोका सरकारकडून असतो तेव्हा काय, याचंही उदाहरण आहे. सात वर्षं आधी, १८४१ साली, मुंबईच्या 'बॉम्बे गॅझेट'मध्ये कंपनी सरकारच्या लुटीवर आठ जळजळीत इंग्रजी पत्रं आली. सही होती नुसती 'एक हिंदू'. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. म्हणजे एकाने साहेबापासून नाव लपवलं, दुसऱ्याने शेजाऱ्यापासून. टोपणनाव कुणापासून लपवलंय ते पाहिलं की त्या काळी ताकद कुणाच्या हातात होती ते कळतं.

आणि गंमत म्हणजे खोटं नाव घेतलं म्हणून जबाबदारी टळली, असंही झालं नाही. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त लोकहितवादींची भरपूर सालटी काढली. आणि गोपाळरावांनी १८८० च्या दशकात स्वतःचं मासिक काढलं तेव्हा त्याला नाव दिलं 'लोकहितवादी'! लपायला घेतलेलं नाव शेवटी पाटीवर आलं. आज 'गोपाळ हरी देशमुख' म्हटलं तर चार माणसं विचारात पडतील.

*

पण मित्राचा प्रश्न तसाच राहतो. दम असेल तर स्वतःच्या नावाने का नाही?

असा दम दाखवलेली एक बाई आहे. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं, खऱ्या नावाने. सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता, तेच दोष पुरुषांत नाहीत का, असा रोखठोक सवाल. महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण बाकी टीका आणि टवाळीच जास्त. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलेलं नाही. एवढी धारदार लेखणी आणि एकच पुस्तक. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तीन वर्षांनी, जून १८८५ मध्ये, 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर एक पत्र आलं. सप्टेंबरमध्ये दुसरं, सक्तीच्या वैधव्यावर. सही, 'एक हिंदू स्त्री'. लिहिणारी होती एकवीस वर्षांच्या आतबाहेरची रखमाबाई.

रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या माणसाशी लावून दिलेलं. ती माहेरीच वाढली, शिकली, आणि मोठी झाल्यावर नांदायला जायला तिने नकार दिला. त्याने १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या हायकोर्टात या बाईचं खरं नाव दाव्याच्या कागदावर आहे, 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई', तिच्याबद्दल सगळे पुरुष बोलतायत. वकील, न्यायाधीश, संपादक. आणि त्याच काळात, त्याच शहरात, खऱ्या नावाने जे बोलता येत नव्हतं ते ती दुसऱ्या नावाने पेपरात बोलतेय. तिच्या खऱ्या नावावर इतरांचा ताबा होता. टोपणनाव तेवढं तिचं स्वतःचं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये उलटा निकाल आला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. इकडे पुण्यात टिळकांचा 'केसरी' तिच्या विरोधात लिहीत होता. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत आणि राजकोटला तिने वर्षानुवर्षं काम केलं. मित्राला सांगायचं ते हेच, टोपणनाव घेणारी माणसं भित्री असतात म्हणतोस, तर ही बाई तुरुंगात जायला तयार होती.

*

सगळीच टोपणनावं भीतीपोटी घेतलेली नसतात हेही खरं. राम गणेश गडकऱ्यांचं उदाहरण घ्या. नाटककार म्हणून राम गणेश गडकरी, कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम. हे मला फार आवडतं, कारण यात स्वच्छ आर्किटेक्चर आहे. तीन सर्व्हिसेस, तीन नावं, एकाचा लोड दुसऱ्यावर नाही. हे सगळं त्यांनी तेहतीस वर्षांच्या आयुष्यात बसवलं. (माझं एक लॉगिन पण धड चालत नाही.) वाचकाला नाव वाचूनच कळायचं की आता रडायचंय की हसायचंय.

आचार्य अत्रे विडंबन काव्य लिहिताना केशवकुमार झाले. वि. वा. शिरवाडकर नाटकाला शिरवाडकर आणि कवितेला कुसुमाग्रज. त्यांचं तर जन्मनाव गजानन. दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले, आणि कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. एका माणसाला तीन नावं, त्यातलं एक आईबापांनी दिलेलं, एक दत्तकविधानाने, आणि एकच स्वतः निवडलेलं. मराठी भाषा गौरव दिन आपण ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला साजरा करतो, त्यांना आपण त्या निवडलेल्या नावानेच ओळखतो. 'खरं नाव' नक्की कशाला म्हणायचं?

गूगल प्लस आलं तेव्हा, २०११ मध्ये, त्यांनी नियम केला होता की खरंच नाव वापरा, नाहीतर अकाउंट बंद. जगभर आरडाओरडा झाला आणि २०१४ मध्ये नियम मागे घ्यावा लागला. तो नियम १९१० च्या सुमारास पुण्यात असता तर गोविंदाग्रज आणि बाळकराम दोघेही सस्पेंड!

*

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कथा शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या. त्यांचं एकटेपण, त्यांच्या पगारावर चालणारी घरं, लग्नाच्या बाजारात होणारी घासाघीस, आणि मनातल्या, शरीरातल्या इच्छा, ज्यांचं नावही घ्यायचं नसतं. मराठी समाजात मोठं वादळ उठलं. आणि पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा मोठा प्रश्न झाला, ही बाई कोण? बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष? तर्क सुरू झाले, मागणी सुरू झाली, समोर या, नाव सांगा.

ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. वय अठ्ठावीस. वडील शिरूरला शिक्षक, म्हणून शिरूरकर. स्वतः महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि शिक्षिका झालेली. याआधी तिने बाळूताई खरे या नावाने अभ्यासपूर्ण लेखन केलं होतं, म्हणजे नावानिशी लिहायची तिला सवय होती. पण हे तिने त्या नावाने लिहिलं नाही. का, ते आपण समजू शकतो. मुलींच्या शाळेतली अविवाहित शिक्षिका असलं लिहिते म्हटल्यावर शिक्षा तिला एकटीला झाली नसती. आईवडील, शाळा, वर्गातल्या मुली आणि ज्यांच्या हकीकती तिने जवळून पाहिल्या त्या मैत्रिणी, या सगळ्यांकडे बोट दाखवलं गेलं असतं. लेखकाचं नाव कळलं की पात्रांची नावं कळायला वेळ लागत नाही. शिरूरकर म्हटलं की शिरूर, शिरूर म्हटलं की शाळामास्तरची मुलगी...

इथे मला माझे डाळिंबाचे दाणे आठवले.

मी टोपणनाव घेतलं ते माझ्यासाठी, माझी पंचाईत नको म्हणून. ताईचा विचार मी केलाच नव्हता. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. ज्या बायकांनी हे ओझं ओळखून नाव बदललं त्यांच्या पंगतीत मी परस्पर जाऊन बसलो होतो. मित्राचा 'दम' हा शब्द बरोबर होता, फक्त जागा चुकली होती. मी नाव लपवलं यात काही चूक नव्हती. दुसऱ्याची गोष्ट माझी असल्यासारखी वापरली, चूक ती होती.

*

आणखी एक गोष्ट या सगळ्या नावांत सारखी आहे, आणि ती आजच्यापेक्षा अगदी वेगळी आहे. या प्रत्येक टोपणनावाच्या मागे एक माणूस उभा असायचा ज्याला खरं माहीत होतं. लोकहितवादींचं हस्ताक्षरातलं पत्र बोरघाट उतरून मुंबईला जायचं ते भाऊ महाजनांच्या हातात. विभावरीचे प्रकाशक होते ह. वि. मोटे. एवढा गलका चालू असताना गुपित सांभाळायचं ते अशाच माणसांनी. टोपणनाव म्हणजे एकट्याने घेतलेला बुरखा नाही. ते दोन माणसांमधलं एक वचन असतं.

आज ते वचन कुणाशी आहे? माझ्या टोपणनावाच्या मागे एक ईमेल आहे, त्यामागे मोबाईल नंबर, त्यामागे केवायसी, त्यामागे आधार. साखळीतली प्रत्येक कडी कुठल्या तरी सर्व्हरवर लॉगमध्ये पडून आहे. तिथे भाऊ महाजन नाहीत. तिथे डेटा रिटेन्शन पॉलिसी आहे.

आणि साखळी तुटायला हॅकरच लागतो असंही नाही. जे. के. रोलिंगने २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने कादंबरी छापली. तीन महिन्यांत बिंग फुटलं. का, तर तिच्या वकिलांच्या फर्ममधल्या एका भागीदाराने बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं आणि तिने ट्विटरवर लिहिलं. मग शब्दांच्या सवयी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने शैली ताडून पाहिली, तीही रोलिंगशी जुळली. म्हणजे माणूसही फुटला आणि मशीननेही साक्ष दिली. ते सॉफ्टवेअर काय मोजतं, तर लिहिणाऱ्याच्या लक्षातही न येणारे छोटे छोटे शब्द. प्रत्येकाचे आपापले डाळिंबाचे दाणे.

मला माहितीये, टोपणनावामागून आज घाण फेकणारेही ढिगाने आहेत. पण फरक ओळखणं तितकं अवघड नाही. लोकहितवादी दोन वर्षं एकाच नावाने लिहीत राहिले, त्या नावाची पत आणि त्या नावावरच्या शिव्या, दोन्ही त्यांनी जमा करून घेतल्या. त्यांचा रोख आपल्यापेक्षा बलवान माणसांवर, आपल्याच जातीवर होता. शिवी देऊन अकाउंट डिलीट करणाऱ्याला टोपणनाव नसतंच, त्याला फक्त अंधार हवा असतो.

*

तर त्या दिवशी बसमध्ये मी ग्रुपकडे बघत बसलो होतो. मामांनी अंगठा टाकला. आईने काहीच टाकलं नाही, ते जास्त घाबरवणारं होतं. मग ताईचा मेसेज आला : "कोण आहे कुणास ठाऊक, पण बरोबर लिहिलंय. आणि डाळिंब हल्ली सगळीकडे घालतात गं आई."

रात्री तिचा फोन आला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाहीये. पण पुढच्या वेळी माझ्याबद्दल काही लिहिलंस तर छापायच्या आधी मला दाखवायचं. कळलं?"

कळलं, ताई. हा लेखसुद्धा तिने वाचून ओके केला आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली. कुठली, ते सांगणार नाही.